दिव्यांचा कंपाउंडर

आमचे घरमालक निवृत्त कंपाउंडर होते आणि निवृत्तीनंतर ते मोटारींचे दिवे बरे करत. ‘दुरुस्त करता’ असं मी पहिल्याच आठवड्यात चुकून म्हणालो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“दुरुस्त कुलूप करतात. दिवा आजारी पडतो.”

मी तेव्हा बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत कारकून होतो, पंचविशीतला, अकोल्याकडून नव्यानं आलेला. खोली बघायला गेलो तेव्हा कंपाउंडरांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. दोन्ही तळहात पुढे करायला सांगितले आणि बोटानं दाबून पाहिले. “घाम येतो,” ते म्हणाले. “चालेल. पण ओट्यावरच्या कशालाही हात लावायचा नाही.” एवढ्या अटीवर मला तापीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन खिडक्यांची खोली मिळाली.

ओट्यावर त्यांचा दवाखाना होता. एनॅमलचे ट्रे, उकळलेल्या पाण्याचं भांडं, आणि ओळीनं बाटल्या. प्रत्येक बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीला डोस कळावेत म्हणून लावत तशी. दिवा काही दिवसातून तीनदा औषध पीत नाही. पण चाळीस वर्षांची सवय. पट्टीशिवाय बाटली त्यांना उघडी वाटायची. रोग्याच्या स्टुलावर दिवा बसे आणि मोटारवाला उभा राही. मग प्रश्न सुरू. केव्हापासून पिवळा पडतोय? पावसात उघडा राहिला होता का? आणि, आवाज थोडा खाली आणून, याआधी कोणी हात लावला होता? हा शेवटचा प्रश्न ऐकून मोठमोठे मिशाळ ड्रायव्हर मान खाली घालताना मी पाहिले आहेत.

आजच्या वाचकाला सांगायला हवं की त्या काळच्या दिव्यात काचेच्या मागे पितळेची एक खोलगट वाटी असे आणि तिला आतून चांदीचा मुलामा. इवल्याशा बल्बचा उजेड ती वाटी गोळा करून रस्त्यावर फेकी. आमच्याकडचे रस्ते केळीच्या मळ्यांमधून जात, तिथली ओल. कापसाच्या जिनांमधून उडणारा तूस. आणि धूळ तर काय, ती सगळ्या राज्यांत सारखीच. हे सगळं काचेभोवतीच्या कडीच्या फटीतून आत शिरे. काच धुरकट होई, चांदी आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी पडे, आणि दिवा लावला तरी समोर फक्त दिवा लावलाय एवढंच दिसे.

त्यावर लोकांचा एकच उपाय, बल्ब मोठा बसवायचा. कंपाउंडरांना याची चीड होती. “आवाज चढवला म्हणून बोलणं खरं होत नाही,” ते म्हणत. “दिव्याचं तोंड सगळेच पुसतात. पाठ कोण बघतो?”

त्यांचं औषध काजळीचं होतं. तिळाच्या तेलाची पणती, वर उपडी धरलेली पितळी ताटली. तिच्यावर धरलेली काजळी पिसानं उतरवायची, तीन वेळा वस्त्रगाळ करायची, मग स्पिरिटमध्ये कालवायची. कापूस निंबोला गावच्या एका शेतकऱ्याकडचा, स्वतः सरकी काढून, पिंजून, धुऊन ठेवलेला. बाजारचा कापूस त्यांना चालत नसे. त्यात कचरा असतो, आणि एका कणानं वाटीवर कायमची रेघ उठते. हात मात्र गोल फिरवायचा नाही. मधून कडेकडे, सरळ, एकदाच, मग कापूस बदलायचा. काळ्या काजळीनं काळी चांदी पांढरी होते हे मी शेकडो वेळा पाहिलं, आणि दर वेळी मला ते पटायला थोडा वेळ लागला. शेवटी काच रिठ्याच्या पाण्यानं धुऊन, कडीखाली मेणात बुडवलेली सुताची वात बसवून दिवा बंद करायचे. “पथ्य?” असं मोटारवाल्यानं विचारायची वाट बघायचे. त्यानं विचारलं नाही तर स्वतःच सांगायचे: “पथ्य, उघडायचा नाही.”

खेड्यातली माणसं त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत. ते लगेच थांबवत. “डॉक्टर नाही, कंपाउंडर. डॉक्टरांचं अक्षर मला लागायचं, म्हणून लोक जगले.” यात नम्रता किती आणि उलट किती, ते मला सहा वर्षांत ठरवता आलं नाही.

स्वतः ते मोटारीत बसत नसत. इच्छापुरला देवीला जायचं तरी बैलगाडीनं जात; गाव येईपर्यंत बाकीचे दर्शन घेऊन परतत असत, आणि हे वाटेत त्यांच्या मोटारींचे दिवे तपासत. एकदा मी विचारलं, तुम्हाला मोटार आवडत नाही, मग दिवे का? ते म्हणाले, “तापाचं औषध देणाऱ्याला ताप आवडावा लागतो का?”

त्यांच्या ओट्यावर रांग असे आणि रांगेला मान नव्हता. गावात एक रावबहादूर होते. म्हणजे पदवी इंग्रज सरकारबरोबर गेली होती, पण दारावरची पाटी गेली नव्हती. त्यांची लांबलचक मोटार एकदा गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकली, कारण गल्लीला त्यांच्या इतमामाची कल्पना नव्हती. पट्टेवाला पळत आला. “साहेबांच्या गाडीचे दिवे मंद झालेत, आधी बघून घ्या.” समोर केळीच्या लॉरीचा ड्रायव्हर उभा होता. कंपाउंडर त्याच्या दिव्यावरून नजर न काढता म्हणाले, “साहेबांना ताप आहे का?” “नाही.” “मग बसू दे.”

पाऊण तासानं रावबहादूर स्वतः गल्लीतून चालत आले. एवढं अंतर ते बऱ्याच वर्षांनी पायी आले असावेत. कंपाउंडर उठून मोटारीपाशी गेले, काचेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि बोट रावबहादुरांपुढे धरलं.

“चंदन. कुंकू. आणि हे झेंडूच्या हाराचं. वाटी ठणठणीत आहे तुमची. हा रस्त्याचा मळ नाही साहेब, सत्काराचा आहे. घरी कोमट पाण्यानं पुसा.”

रावबहादूर हसले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट राज्यांची नव्यानं जुळणी झाली त्या छप्पन सालची. आम्ही कोणी जागचे हललो नव्हतो. राजधानी हलली होती. कालपर्यंत आमचे कागद नागपूरहून निघत, आता भोपाळहून निघणार होते. कचेरीत रोज नवे शिक्के येत आणि कुठे मारायचे ते मागून कळे. आमच्यापैकी निम्मे कारकून ‘इकडे राहू की तिकडे जाऊ’ या विचारात, आणि त्यातच हुकूम आला की हद्द ओलांडून जाणाऱ्या सगळ्या गाड्यांची नव्यानं तपासणी होईल. पास होतील त्यांनाच परवाना. नापास गाडीचा मार्ग दुसऱ्याला दिला जाईल.

गल्लीच्या टोकाला श्रावण राहत असे. त्याची एकुलती एक बस बऱ्हाणपूर, इच्छापूर, एदलाबाद अशी धावे. बस महायुद्धाच्या आधीची होती आणि तिचं पुष्कळसं अंग सुतारानं बनवलेलं होतं. पण ती वेळेवर सुटे. तपासणी सोमवारी होती. श्रावण ओट्यावर आला तो बुधवारी, दोन्ही दिवे पंच्यात गुंडाळून, आणि मागे त्याची आई, भागाबाई.

कंपाउंडरांनी काच काढली आणि वाटी उजेडाकडे धरली. वाटीत चांदी नव्हतीच. गोल गोल ओरखडे, आणि त्यातून पिवळं पितळ दिसत होतं.

“याआधी कोणी हात लावला होता?”

श्रावण आईकडे न बघता म्हणाला, “दसऱ्याले गाडीची पूजा राहते ना काका. म्या उघडून दिले, मायनं साफ केले.”

“कशानं?”

“रांगोळीनं,” भागाबाई म्हणाल्या. “देवाची चांदी रांगोळीनंच घासते मी. निरंजन, तबक, सगळं. चकाकते. हे बी चकाकले होते.” मग हळूच, “दोन दिवस.”

रांगोळी म्हणजे दगडाची पूड. देवघरातलं जाड तबक ती सोसतं. दिव्याचा मुलामा कागदाहून पातळ. ही चूक आमच्याकडच्या कुठल्याही घरात झाली असती, आणि नेमकी सगळ्यात स्वच्छ घरात झाली.

“पोटावर पाय आला काका,” श्रावण म्हणाला. “सोमवारी नापास झालो तर एदलाबादवाला टपूनच बसलाय. त्याच्याकडं नवी गाडी हाये.”

कंपाउंडरांनी वाटी खाली ठेवली. “काजळी असलेल्या चांदीला उजळते. नसलेल्या चांदीला काय उजळणार? मुलामा नव्यानं द्यावा लागेल.” मुलाम्याची कृती त्यांना ठाऊक होती, दवाखान्यात असताना जुन्या औषधांच्या पुस्तकात वाचलेली. चांदी तेजाबात विरघळवायची, मिठाचं पाणी घालून तिचं पांढरं दही पाडायचं, ते धुऊन, त्यात मीठ आणि टार्टरची आंबट पूड मिसळून स्वच्छ पितळावर चोळायचं. वाचलेली होती, केलेली नव्हती. आणि हे ते बोलले नाहीत, पण मला कळलं, कारण त्या दिवशी त्यांनी एकदाही चष्म्यावरून पाहिलं नाही.

“चांदी लागेल. शुद्ध.”

भागाबाई उठून गेल्या आणि एक जुनी साडी घेऊन आल्या. जांभळा रंग विटलेला, पदर फाटलेला, पण काठाला बोटभर रुंद जर. “लग्नातली हाये. माझ्या हातानं गेलं, माझ्याच घरातलं लागू द्या.”

“यातून चांदी काढायला सोनाराकडे जावं लागेल,” कंपाउंडर म्हणाले.

“कायले सोनार?” बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. “लग्नाआधी मी जरीच्या कारखान्यात रेशमावर चांदीची तार, कलाबतू, गुंडाळत होती. जुनी जर कशी जाळतात ते मले मालूम नाही तं कोणाले?”

पुढचे दोन दिवस आमच्या ओट्यावर राज्य कोणाचं होतं ते सांगणं अवघड आहे. भागाबाईंनी काठ उसवला, मातीच्या परळात जाळला, राख पाण्यात हलवून ओतून दिली, पुन्हा हलवली. तळाशी केसांसारखे बारीक, करडे तुकडे उरले. ओंजळीत मावतील एवढेसुद्धा नव्हते. कंपाउंडर वाकून बघत होते.

“एवढंच?”

“साडी होती कंपाउंडरभाऊ, खाण नव्हती.”

पुढचं काम त्यांचं. तेजाब, निळसर हिरवं पाणी, मग मीठ, आणि खरोखरच दह्यासारखं पांढरं काहीतरी भांड्यात खाली बसलं. हे दही उजेडात काळं पडतं, म्हणून ओट्याला गोधड्या टांगल्या. भर दुपारी आम्ही अंधारात बसून उजेडाची तयारी करत होतो. पितळावरचे ओरखडे सोनाराकडच्या तांबड्या पुडीनं घासून काढायला श्रावणला शुक्रवारचा अख्खा दिवस लागला.

शनिवारी कंपाउंडरांनी पहिल्या वाटीवर मुलामा चढवला. अंगठ्यानं, कापूस न वापरता. पुस्तकात अंगठाच लिहिला होता म्हणाले. चांदी पसरत गेली आणि आम्ही बघत राहिलो. धुऊन गोधडीबाहेर आणली. मधोमध एक ठसा होता, काळपट, रेघान् रेघ दिसेल असा. तिथे चांदी धरलीच नव्हती.

भागाबाईंनी वाटी तिरपी केली. “हा कोणाचा अंगठा?”

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात तपासणारा माणूस स्वतःचा हात बघत उभा होता. पितळ धरताना कुठेतरी तेलकट बोट टेकलं होतं. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, “हवा दमट आहे.”

“हवा नाही. मी,” ते म्हणाले. “वय झालं की कातडी तेल सोडते. मला माहीत होतं. मला वाटलं, माझी नाही सोडणार.”

उरलेलं दही जेमतेम दोन वाट्यांपुरतं होतं. पुन्हा चुकलं तर पुन्हा साडी नव्हती, आणि मध्ये एकच रविवार. कंपाउंडरांनी रिठ्यानं हात धुतले, मग तसेच पुसत भागाबाईंच्या पुढे उभे राहिले.

“हात दाखवा.”

त्यांनी तळहात पुढे केले. कंपाउंडरांनी बोटानं दाबून पाहिले, दोन्ही, सावकाश. कोरडे, घट्ट, लाकडासारखे.

“उद्या तुम्ही लावा.”

“मी? माझ्यानंच तं बिघडलं!”

“तुम्ही जोर जास्त लावलात, एवढंच. हात चुकीचा नव्हता. कलाबतू गुंडाळताना किती जोर लावायचात?”

बाई विचार करत राहिल्या. “तुटणार नाही एवढा.”

“तेवढाच.”

रविवारी गोधड्यांच्या आत दोन माणसं होती आणि बाहेर मी आणि श्रावण. आतून फक्त कंपाउंडरांचा आवाज येत होता. “सरळ. मधून कडेकडे. आता थोडं मीठ. थांबू नका.” आणि एकदा बाईंचा, “तुमी थोडं चूप राहता का?” त्यानंतर आतून आवाज आला नाही. कंपाउंडरांना असं सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ऐकणारे कंपाउंडरही.

गोधडी बाजूला झाली तेव्हा दोन्ही वाट्या भागाबाईंच्या मांडीवर होत्या. त्यांच्यात माझा चेहरा उलटा दिसत होता. कुठे डाग नव्हता. श्रावण गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

तपासणी सोमवारी सकाळी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या गोदामात झाली, कारण दिवसा अंधार तिथेच मिळत होता. कचेरीतून कागद लिहायला मला पाठवलं होतं. इन्स्पेक्टरसाहेब उंच, कोरडे, नव्या गणवेशातले. एदलाबादवाल्याची नवी गाडी बाहेरच उभी होती. तिचा मालक दारातून आत डोकावत होता. साहेबांनी ब्रेक पाहिले, भोंगा वाजवून पाहिला, सुतारकामाकडे पाहून भुवया चढवल्या. मग दारं लावली. “बत्ती जलाओ.”

समोरच्या चुन्याच्या भिंतीवर दोन उजेड पडले. अगदी गोल, कडा स्वच्छ, भिंतीवरचे जाळ्यांचे धागे मोजता येतील असे. साहेब चालत भिंतीपाशी गेले, खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि बसकडे पाठ करून वाचू लागले. एक बातमी वाचली. पान उलटलं. दुसरी वाचली. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत उभे होतो. दुसरी बातमी पुरी झाल्यावर त्यांनी घडी केली.

“इतनी पुरानी गाड़ी में ऐसी बत्ती मैंने इंदौर में भी नहीं देखी. पास.”

श्रावण स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. मी छापील कागद पुढे घेतला. शेवटच्या रकान्यात दिव्यांचं काम कोणी केलं ते लिहायचं होतं. “किसने किया?” साहेबांनी विचारलं.

सगळ्या माना कंपाउंडरांकडे वळल्या. ते छत्री टेकवून, इस्त्रीचा कोट घालून आले होते. तो कोट ते सणालाही घालत नसत. मी त्यांचं नाव लिहायला टाक बुडवलासुद्धा. या माणसाचं नाव औषधाच्या कुठल्याच चिठ्ठीवर कधी आलं नव्हतं. चिठ्ठीवर डॉक्टर सही करतात. मला मनापासून वाटत होतं की ते मी लिहावं.

“मैंने सिर्फ दवा बनाई,” कंपाउंडर म्हणाले. “लगाई इन्होंने.” आणि छत्रीनं दाराशी, पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या भागाबाईंकडे दाखवलं.

इन्स्पेक्टरसाहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कारीगर के खाने में औरत का नाम?”

“काम देख लिया न आपने?” कंपाउंडर म्हणाले. आवाज दवाखान्यातला होता. ज्यापुढे भल्याभल्यांनी कडू औषध गिळलं होतं.

साहेबांनी बसच्या दिव्यांकडे पुन्हा पाहिलं. “लिखो, बाबू.”

मी लिहिलं. माझं अक्षर बरं आहे, आणि त्या दिवशी ते मी आणखी बरं काढलं. नव्या राज्याचा शिक्का मारला. तो थोडा तिरपा बसला. भागाबाई पुढे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. रकान्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेल्या ओळीवर, कागदाला न टेकवता, त्यांनी बोट फिरवलं.

“काय लिवलं, भाऊ?”

“श्रीमती भागाबाई सुपडू महाजन,” मी वाचलं.

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट नेलं. “हे एवढं सगळं माझंच नाव?”

“सगळं,” कंपाउंडर म्हणाले.